खेळाडू मुलाची पारख : बास्केटबॉलमधील पॉइंट गार्ड

(वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा समारंभात वक्त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, अशी एक रीत पडून गेली आहे. ते महत्त्व आपणांस ठाऊक नसते तर आपण आपली मुले या संस्थेत पाठविलीच नसती. म्हणून मी आज एका लहानशा विषयावर बोलणार आहे. एक खेळ, त्या खेळातली एक जागा आणि त्या जागेवर खेळणारे पंधरा वर्षांचे मूल. त्याचे गुण कोणते, दोष कोणते, ते आपण कसे ओळखावे, एवढाच माझा विषय आहे.

मुलाला गणितात बेचाळीस गुण पडले तर आपण काय करतो? उत्तरपत्रिका पाहतो. बीजगणितात गेले की भूमितीत, हे विचारतो. शिकवणी लावतो. तोच मुलगा जिल्हा संघातून बास्केटबॉल खेळून आला तर आपण शेजाऱ्याला सांगतो, "अच्छा खेलता है, पर कद छोटा है." पारख तेथेच संपते! या सहा-सात शब्दांवर मुलाचे मैदान चालू ठेवायचे की बंद करायचे, याचा निर्णय होतो, आणि तो बहुधा दहावीच्या उंबरठ्यावर होतो. नांदेड आणि लातूर ही आज परीक्षेच्या तयारीची शहरे झाली आहेत. लातूर पॅटर्न हे नाव महाराष्ट्रभर गेले. त्याचा मला अभिमानच आहे. परंतु ज्या शहरांना उत्तरपत्रिका इतकी बारकाईने वाचता येते, त्यांना आपल्याच मुलाचा खेळ वाचता येऊ नये, याचे नवल वाटते.

प्रथम ही जागा समजून घेऊ. बास्केटबॉलमध्ये एका बाजूला पाच खेळाडू असतात. मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद, आणि कडी जमिनीपासून दहा फूट उंच. चेंडू ताब्यात आला की ८ सेकंदांत तो मध्यरेषेपलीकडे न्यावा लागतो आणि २४ सेकंदांत बास्केटकडे मारावा लागतो. २००० सालापर्यंत हे आकडे १० आणि ३० होते. म्हणजे विचार करायला पूर्वीपेक्षा आता कमी वेळ मिळतो. हा चेंडू पुढे नेणारा, कोणाला द्यायचा हे ठरविणारा, कोणी कोठे उभे राहावे हे सांगणारा जो खेळाडू, त्याला पॉइंट गार्ड म्हणतात.

लग्नाच्या दावतीत एक बुजुर्ग मंडपाच्या मध्ये उभे असतात, ते आठवा. स्वतः एक पळीदेखील वाढत नाहीत. पण कोणत्या दस्तरख्वानावर रोटी संपली, कोठे पाणी पोहोचले नाही, कोणता वाढपी एकाच कोपऱ्यात घुटमळतो आहे, हे सारे त्यांच्या नजरेत असते. दावत चांगली झाली की लोक बावर्चीची तारीफ करतात. पॉइंट गार्डचेही असेच आहे. गुणफलकावर नाव दुसऱ्याचे लागते.

आणि म्हणूनच त्याची पारख गुणफलकावरून करता येत नाही. मुलाने वीस गुण केले म्हणून आनंद मानणारे पालक मी पाहिले आहेत. पण ते वीस गुण करताना उरलेल्या चौघांना चेंडू दिसला होता काय, हे कोणी विचारीत नाही. माझे ऐकाल तर पुढच्या सामन्यात पाच मिनिटे चेंडूकडे पाहूच नका, फक्त आपल्या मुलाच्या डोळ्यांकडे पाहा. ड्रिबल करताना त्याची नजर खाली, चेंडूवर आहे की वर, मैदानावर? नजर खाली असेल तर बाकी सर्व हुन्नर सध्या निम्म्या किमतीचा समजा, कारण जो साथीदार मोकळा झाला तो त्याला दिसणारच नाही.

आता एक मुलगा डोळ्यांसमोर आणू. तो अमक्याचा मुलगा असे नव्हे. असे मुलगे नांदेडातही भेटतात आणि लातुरातही. नववीत आहे. उंची पाच फूट चार इंच. पायात वेग आहे, उजवा हात उत्तम, चेंडू जणू हाताला बांधलेला. समोरच्याला चकवून आत शिरतो आणि लेअप करतो. शाळेत टाळ्या पडतात. जिल्ह्यापर्यंत सर्व ठीक चालते. विभागीय सामन्यांत त्याच्यासमोर जाणता बचावपटू उभा राहतो, त्याची उजवी बाजू बंद करून टाकतो, आणि आपला मुलगा अडकतो. घरी येऊन अब्बांना सांगतो, "तिकडचे पोरं फार उंच होते." उंचीचा तेथे काही संबंध नव्हता. त्याला डावा हात नव्हता, एवढेच.

या मुलाचे गुणपत्रक कसे करावे? एक शंभर पानी वही घ्या. सामन्यात त्याच्या पासवरून साथीदाराने थेट बास्केट केली की एका बाजूला रेघ ओढा. त्याच्या हातून चेंडू गेला की दुसऱ्या बाजूला. मोठ्या खेळाडूंच्या सामन्यांत चांगला गार्ड एकदा चेंडू गमावतो तेव्हा निदान दोन चांगले पास देऊन चुकलेला असतो. शाळकरी मुलाचे दोन्ही आकडे बरोबरीचे आले तरी मी नाराज होणार नाही. आणि आणखी एक गोष्ट लिहा, जी बहुतेक जण लिहीत नाहीत. तो मैदानावर होता तेव्हा संघाने किती गुण केले व किती दिले, आणि तो बाकावर बसला तेव्हा काय झाले. कधी कधी असे दिसते की आपला तारा बसला की संघ अधिक बरा खेळतो! पालकांना हे कडू लागेल, पण कळलेले बरे.

चेंडू गमावण्याच्या रेघा मात्र नुसत्या मोजून भागत नाही. रेघेजवळ कारण लिहा. चार पावले चेंडू हातात घेऊन धावला, तर ते पायाचे शिक्षण कमी आहे, महिनाभरात सुधारते. दोघांनी घेरले असता घाबरून उंच, लोंबता पास दिला, तर सराव त्या प्रकारचा करून घ्यावा लागेल. आपल्या मित्रालाच पास द्यायचा म्हणून मोकळ्या साथीदाराला सोडले, तर हा हाताचा दोष नव्हे. आणि चौथा प्रकार असा, की त्याने जे पाहिले ते बरोबर होते, फट खरोखर होती, पास अर्ध्या सेकंदाने उशिरा गेला. या रेघेला मी दोष म्हणतच नाही. ज्या मुलाला आज फट दिसते त्याचा हात उद्या वेळेवर चालेल. ज्याला दिसतच नाही, जो सुरक्षित म्हणून बाजूच्या मुलाकडे चेंडू सरकवून मोकळा होतो, त्याच्या वहीत चुका कमी दिसतील. पण खरी काळजी त्याचीच.

अमेरिकेचा स्टीफन करी आज जगाला ठाऊक आहे. त्याचे वडील डेल करी स्वतः व्यावसायिक खेळाडू. तरीही शाळा संपताना मुलगा बारीक, अंगाने हलका म्हणून मोठ्या विद्यापीठांनी त्याला शिष्यवृत्ती दिली नाही. डेव्हिडसन नावाच्या लहान कॉलेजाने घेतले. २००६ साली तेथल्या पहिल्याच सामन्यात त्याने १३ वेळा चेंडू गमावला. तेरा! आपल्याकडे असे झाले असते तर दुसऱ्या दिवशी मुलगा बाकावर दिसला असता, आणि घरी चर्चा झाली असती ती वेगळीच. त्याचे प्रशिक्षक बॉब मॅकिलॉप यांनी त्याला पुढच्या सामन्यात खेळविले, आणि मिशिगनविरुद्ध त्याने ३२ गुण केले. २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षे तो एनबीए या अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेरा हा आकडा खोटा नव्हता. तो वाचणारा माणूस शहाणा होता.

त्याच करीची दुसरी गोष्ट आपल्या अधिक उपयोगाची आहे. शाळेत तो चेंडू कमरेजवळून फेकत असे. लहान, अशक्त मुले तसेच करतात, कारण दहा फुटांवर चेंडू पोहोचवायला बळ कमी पडते. वडिलांनी ओळखले की हा फटका मोठ्या मुलांपुढे अडविला जाईल. एका उन्हाळ्यात त्यांनी त्याला चेंडू डोक्यावरून सोडायला नव्याने शिकविले. त्या काळात त्याचा नेम इतका बिघडला की खेळ नकोसा झाला. पण हे काम सुट्टीत केले, स्पर्धेच्या दिवसांत नव्हे, हे ध्यानात घ्या. आपल्याकडेही एप्रिल-मे हाच त्याचा काळ. मराठवाड्याचे ऊन आपण जाणतो; सकाळी सहा ते आठ, त्यानंतर सिमेंटचे मैदान तव्यासारखे तापते. पण दोन महिने रोज हे दोन तास डाव्या हाताला आणि फटक्याला दिले तर पावसाळ्यातल्या सामन्यांत मुलगा निराळा दिसेल. फटका बदलताना नेम आधी बिघडतो, हे मुलाला अगोदरच सांगून ठेवा, नाहीतर आठवड्यात तो जुन्या सवयीवर परत जातो.

आता कदाविषयी. मगसी बोग्ज नावाचा खेळाडू पाच फूट तीन इंचांचा, म्हणजे आपल्या या मुलापेक्षाही इंचभर बुटका. १९८७ ते २००१ अशी चौदा वर्षे तो एनबीएमध्ये पॉइंट गार्ड म्हणून खेळला. हे उदाहरण देऊन मी आपणांस खोटी आशा लावू इच्छीत नाही. बोग्ज हा अपवाद होता, आणि निवड समितीची नजर उंच मुलाकडे आधी जाते, हे सत्य आहे. पण पंधराव्या वर्षी उंची हा दोष म्हणून लिहूच नये. ती अजून वाढायची असते आणि ती वाढविणे कोणाच्या हातात नाही. जे हातात आहे ते लिहावे. बुटका गार्ड बचावात कमरेतून वाकून, चेंडूवाल्याच्या पुढे पाय टाकून उभा राहतो काय? की थकला म्हणून सरळ उभा राहून हात हलवतो? मुले बचावाला मजुरी समजतात. तेथे वाही पडत नाही, म्हणून पालकही तिकडे पाहत नाहीत.

एका दोषावर मला थोडे अधिक बोलायचे आहे, कारण तो आपल्या घरांतून मैदानावर येतो. आपण मुलांना अदब शिकवितो. मोठ्यांपुढे आवाज चढवू नये, भाईजान सांगतील तसे करावे. ही तालीम चांगलीच आहे. पण नववीतला गार्ड एकोणीस वर्षांखालील संघात बारावीच्या मुलांबरोबर खेळतो तेव्हा काय होते? तो सर्वांना भाई म्हणतो, आणि भाईने हात वर केला की त्याला चेंडू देतो, मग भाईच्या अंगावर दोन बचावपटू असोत. कोपऱ्यात एक लाजरा मुलगा एकटा उभा आहे, त्याने हात वर केलेला नाही, म्हणून त्याला चेंडू नाही. वहीत हा दोष "पासची चूक" म्हणून नोंदला जाईल. वस्तुतः ती जिभेची चूक आहे. पॉइंट गार्डला बोलावे लागते: "भाई, बाहर निकलो!", "उधर जाओ!" भाई हा शब्द ठेवूनही हुकूम देता येतो. ज्याला हे साधत नाही त्याला चौदा वर्षांखालील मुलांचा संघ सांभाळायला द्यावा. तेथे तोच मोठा असतो, आवाज आपोआप सुटतो. आणि घरी अब्बांनीही एखादा निर्णय त्याच्यावर सोपवून पाहावा. जो मुलगा घरात कधीच काही ठरवीत नाही, त्याने मैदानावर २४ सेकंदांत ठरवावे ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

याच्या उलट, सर्वांवर ओरडणारा, चूक झाली की साथीदाराकडे हात उडवून पाहणारा मुलगाही असतो. त्याला लोक नेता समजतात. मी समजत नाही.

कोणी म्हणेल, हे सर्व मोठ्या शहरांचे, मोठ्या मैदानांचे. त्यांना मी मुंबईचा नागपाडा दाखवीन. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या, बहुसंख्य कुटुंबे आपल्यासारखीच कष्टाची. १९२० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी तेथे नागपाडा नेबरहूड हाऊस उभे केले. हेच मॅनशार्ट पुढे १९३६ साली सुरू झालेल्या टाटांच्या समाजकार्य शिक्षणसंस्थेचे पहिले संचालक झाले. त्या वस्तीत बास्केटबॉल असा रुजला की भारतीय संघाचे कर्णधार गुलाम अब्बास मुंतसिर तेथून पुढे आले. त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. बास्केटबॉलला क्रिकेटएवढी जागा लागत नाही. दोन खांब, एक सिमेंटचा चौकोन आणि कोणीतरी रोज संध्याकाळी येऊन उभे राहणारा जाणता माणूस, एवढ्यावर नागपाड्यासारखी वस्ती पिढ्यान्पिढ्या खेळाडू घडवू शकते. आपल्या शाळांच्या आवारात चौकोन आहेत. त्या जाणत्या माणसाची संध्याकाळ मोकळी ठेवणे हे संस्थेचे काम आहे, आणि पदाधिकारी समोर बसले आहेत म्हणून हे येथेच बोलून ठेवतो.

भगिनींनो, आतापर्यंत मी "मुलगा, मुलगा" म्हणत आलो. मुलीच्या बाबतीत हीच वही चालते. चेंडू थोडा लहान व हलका, सहा क्रमांकाचा असतो, बाकी सर्व तेच. पुण्याची शिरीन लिमये गार्ड म्हणून खेळली आणि भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. २०१७ साली बंगळूरला आशिया चषकाच्या ब विभागात आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असे हरविले, त्या संघात ती होती. आपल्याकडे मुलींचे गुण-दोष पाहण्याची वेळच येत नाही, कारण आठवीनंतर त्या मैदानावरच दिसत नाहीत. अडचणी खऱ्या आहेत. त्या मी हसण्यावारी नेत नाही. पण त्या बहुतेक व्यवस्थेच्या आहेत: सराव शाळेच्या भिंतीच्या आत असावा, सकाळी असावा, बाई हजर असाव्यात, पोशाख मुलीला व घराला रुचेल असा असावा, आणि बाहेरगावच्या सामन्याला कोण सोबत जाणार हे आधी ठरलेले असावे. जी अम्मी घरातल्या दहा माणसांचे वेळापत्रक डोक्यात ठेवते, तिच्या मुलीला पॉइंट गार्डची जागा परकी वाटायचे कारण नाही.

राहिली दहावी. खेळाडूंना राज्य मंडळाच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे, हे आपण ऐकून आहात. या गोष्टी उपयोगी आहेत. परंतु केवळ त्यासाठी मुलाला मैदानावर पाठवाल तर तो प्रमाणपत्र मिळविण्याचे मार्ग शोधेल, खेळ शिकणार नाही. खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे आपल्याच राज्यात उघडकीस आली आहेत. माझे म्हणणे साधे आहे. दहावीच्या वर्षी स्पर्धा कमी करा, बाहेरगावचे दौरे कमी करा, पण रोजचा एक तास तोडू नका. उंच सेंटर वर्षभर थांबला तरी त्याची उंची कोठे जात नाही. गार्डची सारी दौलत हातात आणि नजरेत असते. वर्षभर चेंडू सुटला तर ती परत गोळा करायला दुसरे वर्ष लागते. मात्र मुलगा अभ्यास टाळण्यासाठी मैदानावर पळत असेल तर तेही वहीत येऊ द्या. असा मुलगा सरावातही कठीण भाग टाळताना दिसेल. पाहा, जुळते की नाही.

तर आपल्या त्या नववीतल्या मुलाविषयी त्याच्या अब्बांनी मला विचारले तर मी असे सांगेन: वेग आणि उजवा हात उत्तम आहे, त्याची तारीफ पुरे झाली. फट त्याला दिसते, हा त्याचा खरा गुण, आणि तो शिकवून येत नाही. डावा हात यंदाच्या मे महिन्यात करून घ्या. फटका कमरेवरून निघतो, तो वर आणायला दोन उन्हाळे लागतील. बचावात पहिली पाच मिनिटे चांगला असतो, पुढे उभा राहतो, त्याला पळवा. मोठ्या मुलांशी बोलत नाही, यासाठी लहानांचा संघ द्या. उंचीचा विषय दोन वर्षे घरात काढू नका. भारताकडून खेळेल काय, हे आज कोणीही सांगू शकत नाही. जो सांगतो त्याच्यापासून सावध राहा. पण विभागाच्या संघात त्याची जागा आहे, आणि ती त्याने सोडावी असे त्याच्या खेळात मला काही दिसत नाही.

वहीविषयी एकच राहिले. पहिल्या पानापासून प्रत्येक सामन्याची तारीख, समोरचा संघ आणि मुलगा किती मिनिटे खेळला, एवढे वर लिहीत जा. मिनिटे लिहिली नसतील तर खालच्या रेघांवरून काहीच कळत नाही.